रान तुमचं, पण ससा तुमचा नाही: शेतावर कुत्रा पाळणाऱ्यांसाठी शिकारबंदीचा कायदा

गेल्या श्रावणात सकाळी धार काढून गोठ्याबाहेर आलो, तर ओट्यावर घोरपड पडलेली. दीड-दोन हात लांब, मानेजवळ दातांच्या खुणा. शेजारी आमची बिजली शेपटी हलवत शाबासकीची वाट बघत बसलेली. शेजारचे आप्पा डेअरीला दूध घालायला निघाले होते. त्यांनी पाहिलं आणि जाता जाता म्हणाले, "बांधाला पुरून टाक. तुझं रान, तुझी कुत्री. कोण इचारतंय?"

आप्पांचं म्हणणं गावातल्या दहातल्या नऊ जणांचं असेल. रान माझं हे खरं, कुत्री माझी हेही खरं. पण घोरपड माझी नव्हती, आणि कायद्याच्या नजरेत ती पुरून टाकणं हे ती मेल्यापेक्षा जास्त अडचणीचं ठरलं असतं. त्या दिवशी मी काय केलं ते पुढे येईलच. आमचं रान बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला. मयूरेश्वर अभयारण्य फार लांब नाही, त्यामुळे चिंकारा, ससा, खोकड, घोरपड हे सगळे आमच्या बांधावरून ये-जा करणारे. तुमच्याकडे त्यांच्या जागी बिबट्या असेल, रोही म्हणजे नीलगाय असेल, मोर असतील, पण कायदा तोच आहे. तो केंद्राचा असल्यामुळे गोव्यातल्या कुळागरातही (सुपारीच्या बागेतही) तोच लागतो.

खाली लिहिलंय ते शेतावर, वस्तीवर, फार्महाऊसवर कुत्रा असलेल्या माणसासाठी. गुन्हा नोंदवला गेलाच असेल तर मात्र लेख वाचत बसू नका, वकील गाठा.

आधी 'शिकार' या शब्दाचा अर्थ

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक आणि गोळी नव्हे. कलम २ मधल्या व्याख्येत मारणं, विष घालणं, पकडणं, फासे-सापळे लावणं, हाका घालणं, आमिष दाखवणं, पाठलाग करून धरणं, जखमी करणं हे सगळं येतं. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हेही येतं. आणि यातल्या बहुतेक गोष्टींचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच.

'पाठलाग करून धरणं' हे वाचताना कुत्रेवाल्याने जरा थांबावं. मूळ इंग्रजी शब्द 'कोर्सिंग' खास लांब पायांच्या, नजरेने सावज हेरणाऱ्या कुत्र्यांनी ससा धावडवण्याच्या खेळासाठी वापरला जाणारा आहे. म्हणजे कारवान किंवा पश्मी जातीची कुत्री सशामागे सोडली, ससा निसटला, कुणाच्या हाती काही लागलं नाही, तरी व्याख्येप्रमाणे शिकार झाली. "धरला कुठं, नुसता पळवला" हा बचाव तिथेच संपतो.

जुनी माणसं सांगतात की पूर्वी परवाना मिळायचा. बरोबर सांगतात. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते, आणि कलम १७ मध्ये कोणत्या रीतीने शिकार करायची नाही याची यादी होती. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या होत्या. खासगी जमिनीत मालकाच्या संमतीशिवाय शिकार करायची नाही. आणि पाणपक्षी, चकोर, तित्तर, लावे सोडून कोणताही वन्यप्राणी कुत्र्यांच्या मदतीने मारायचा नाही. म्हणजे परवान्याच्या काळातही कुत्रे घालून ससा मारणं चालत नव्हतं. १९९१ च्या दुरुस्तीने ही सगळी परवाना पद्धतच गेली. त्याबरोबर जमीनमालकाच्या संमतीचा मुद्दाही संपला. आज तुम्ही संमती दिलीत काय आणि न दिलीत काय, देण्यासारखं तुमच्याकडे काही उरलेलं नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण नेटवर इंग्रजीत शोधलं की हमखास ब्रिटनची माहिती पुढे येते. तिकडे २००४ चा कायदा आहे. त्यात कुत्र्यांनी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करायला बंदी आहे, पण उंदीर आणि तिकडचे बिळात राहणारे ससे जमीनमालकाच्या परवानगीने चालतात. आमच्या भागातल्या एका हौशी पोराने हेच मोबाईलवर वाचून मला ऐकवलं होतं. ते तिथलं आहे. इथल्या माळावरचा ससा वेगळा आणि कायदाही वेगळा.

पहिली पायरी: आपलं रान कुठे आहे ते नीट बघा

सातबारा तुमच्या नावावर आहे, एवढ्याने कलम ९ ची शिकारबंदी थांबत नाही. ती वनजमीन, गायरान, मालकीची जमीन असा भेद करत नाही. मग रान कुठे आहे याने काय फरक पडतो? शिक्षेत पडतो.

साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण प्राणी पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीतला असेल, किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं, वर किमान पंचवीस हजार दंड. म्हणजे तुमच्या शेतात मारलेला ससा आणि बांध ओलांडून अभयारण्यात मारलेला तोच ससा यांच्यात इतकं अंतर आहे. कुत्र्याला हद्दीचा दगड दिसत नाही, तो तुम्हाला माहीत असला पाहिजे. अभयारण्य, राखीव वन किंवा संवर्धन राखीव क्षेत्र शेजारी असेल तर तलाठ्याकडचा गावनकाशा आणि वनरक्षकाचं सांगणं दोन्ही घ्या, आणि एकदा प्रत्यक्ष चालून हद्द बघा. अभयारण्याच्या आत कुत्रा नेऊच नका.

दुसरी पायरी: तुमच्या बांधावर कोण कोण येतं

२०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, प्राण्यांच्या याद्या बदलल्या. आता पहिली अनुसूची कडक संरक्षणाची, दुसरी त्याखालची. पूर्वीची उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी गेली.

कुत्र्याच्या तोंडी लागण्यासारखे, पण पहिल्या अनुसूचीत असलेले प्राणी आपल्याकडे पुष्कळ आहेत. घोरपड, मोर, खवल्या मांजर, चिंकारा, काळवीट, लांडगा, कोल्हा, मुंगूस. कोल्हा आणि मुंगूस लोकांना क्षुल्लक वाटतात, पण तीन ते सात वर्षांच्या कलमात तेही बसतात. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. नाग, धामण यांसारखे सापही संरक्षित आहेत, त्यामुळे "कुत्र्यानं साप मारला" ही कौतुकाने सांगायची गोष्ट नाही. गोठ्यातले उंदीर मारणाऱ्या कुत्र्याची मात्र काळजी करू नका, तो त्याचं काम करतोय.

आमच्याकडे घरातल्या सगळ्यांना, अगदी गड्यालासुद्धा, एवढंच सांगून ठेवलंय की उंदीर सोडून काहीही दिसलं तर ते जपायचं. यादी पाठ करण्यापेक्षा हे सोपं.

तिसरी पायरी: राखणीचा कुत्रा आणि शिकारीचा कुत्रा यात फरक ठेवा

कुत्र्याच्या अंगात पाठलाग असतोच. कायदा कुत्र्याला आरोपी करत नाही, तो मालकाने काय केलं हे बघतो. कुत्रा मोकळा सुटून त्याच्या मनाने सशामागे गेला, आणि तुम्ही त्याला "छू" म्हणून सोडलंत, या दोन्हींत ससा सारखाच मेला तरी तुमची जागा बदलते. आणि कलम ५२ प्रमाणे प्रयत्न करणारा आणि मदत करणारा, चिथावणी देणारा, हे दोघेही गुन्हा करणाऱ्याइतकेच दोषी. बांधावर उभं राहून आरोळ्या ठोकणारे यात आले.

म्हणून रोजच्या वागण्यातच फरक दिसला पाहिजे. मी काय करतो ते सांगतो, तुमच्या सोयीने बदला.

पिल्लू असल्यापासून हाकेला परत येण्याची सवय लावली. पंचवीस-तीस फुटी दोर पट्ट्याला बांधायचा, कुत्र्याला पुढे जाऊ द्यायचं, शिट्टी मारायची, आलं की भाकरीचा तुकडा. न आलं तर दोर हळू ओढायचा, मारायचं नाही. मारलेला कुत्रा पुढच्या वेळी परत यायला आणखी उशीर करतो. आमचा दुसरा कुत्रा काळू, त्याला हे महिनाभरात जमलं. बिजलीच्या अंगात कारवानचं रक्त आहे. ससा उठला की तिला शिट्टी ऐकू येत नाही. तिला म्हणून ज्वारी काढणीच्या दिवसांत, जेव्हा ताटांतून ससे उठतात, मोकळं सोडतच नाही.

पहाट आणि दिवेलागण या दोन वेळा कुत्री बांधून ठेवायची. ससा, खोकड, चिंकारा यांची हालचाल तेव्हाच जास्त. जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटवीची आणि तित्तराची अंडी असतात त्या दिवसांत पडीक तुकड्याकडे कुत्रा फिरकू द्यायचा नाही. गळ्यात घुंगरू किंवा छोटी घंटा बांधली तर सावज आधीच सावध होतं. धनगरांच्या कुत्र्यांकडे बघून मला हे सुचलं.

पण बांधून ठेवायचं म्हणजे चोवीस तास साखळीला जखडायचं असं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये फार आखूड किंवा फार जड साखळीने, फार वेळ बांधून ठेवणं, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र आजही दहा ते पन्नास रुपये. वाचून हसू येतं. दंड जाऊ द्या, सतत बांधलेला कुत्रा सुटला की जास्त बेफाम पळतो हे कुठल्याही गावात दिसतं. गोठ्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तार ताणून साखळीची कडी त्यात अडकवली की कुत्र्याला वीस-पंचवीस फूट मोकळीक मिळते. खर्च दोनशे रुपयेसुद्धा नाही.

पिकातून डुकरं हुसकावण्याचं काय? शेतकऱ्याला हा प्रश्न सगळ्यात आधी पडतो. कायद्याच्या व्याख्येत 'हाका घालणं' आहे, पण तो शिकारीसाठी जनावर एका दिशेला रेटण्याचा हाका. भुईमुगातून डुक्कर बाहेर काढण्यासाठी आरडाओरडा करणं, बॅटरी मारणं, बांधावर कुत्र्याने भुंकणं याला कुणी शिकार म्हणत नाही. पण कुत्र्यांनी डुकराला घेरलं, पाय धरला आणि तुम्ही काठी घेऊन धावलात, की चित्र पालटतं. म्हणून भुंकू द्या, बांधापलीकडे जाऊ देऊ नका. तसंही सुळेवाल्या नराने पोट फाडलेला कुत्रा ज्याने शिवून आणलाय, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत परवानगीची वाट आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पिकाला धोका करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी लेखी, कारणासह दिली जाऊ शकते, आणि महाराष्ट्रात त्यासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करावा लागतो. पिकाचे फोटो, गट नंबर, नुकसानीचा पंचनामा जोडा. पण परवानगी मिळाली म्हणजे गावातले सगळे कुत्रे घेऊन निघायची मुभा मिळाली असं नव्हे. कागदावर ज्याचं नाव, जी जागा, जी मुदत आणि जी पद्धत लिहिलीय, तेवढंच. मारलेलं जनावर परस्पर वाटून घेतलं की परवानगीवाल्याचाही आरोपी होतो.

चौथी पायरी: बिबट्याच्या मुलखात रात्र

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात कुत्रा शिकारी कमी आणि सावज जास्त. अकोल्याच्या परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्यांच्या खाण्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांचा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नव्हता. अंगणात मोकळा झोपणारा कुत्रा बिबट्याला घरापर्यंत बोलावतो, आणि त्याच अंगणात पोरंही झोपलेली असतात.

रात्री कुत्रा बंदिस्त खुराड्यात हवा. चारही बाजूंनी आणि वरूनही जाड जाळी, खाली कोबा, दाराला बाहेरून कडी. वरची जाळी लोक विसरतात आणि बिबट्या बरोबर वरून येतो. खिळ्यांचा पट्टा मानेला संरक्षण देतो, तो बांधायला हरकत नाही, पण पट्टा आहे म्हणून कुत्रा बाहेर ठेवणं शहाणपणाचं नाही. गोठ्याजवळ मेलेली कोंबडी, जार, उकिरड्यावरचं मांस पडू देऊ नका.

कायदा इथे कडू आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ (२) प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. त्यात माणूस आहे, कुत्रा नाही. डोळ्यांदेखत कुत्रा उचलून नेणाऱ्या बिबट्यावर तुम्ही कोयता चालवलात तर हे कलम तुमच्या मदतीला येणार नाही. आणि जीव वाचवायची वेळ आली तेव्हा तुम्ही मुळात बेकायदा काम करत असाल, म्हणजे कुत्रे घेऊन सशामागे गेलात आणि उसात बिबट्या अंगावर आला, तरीही ही सूट मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धवट खाल्लेल्या कुत्र्यावर विष टाकून ठेवायचा विचार रागाच्या भरात मनात येतो. विष घालणं ही व्याख्येप्रमाणे सरळ शिकारच, आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीतला. त्या विषाने तरस, घार, शेजाऱ्याचं मांजर, कुणीही मरेल. उरलेलं शव खोल पुरून टाका आणि वनरक्षकाला कळवा. वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे, घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तो हवा. गाय, म्हैस, शेळी गेली तर नुकसानभरपाईची पद्धत ठरलेली आहे. कुत्र्याबद्दल ती गृहीत धरू नका. पण नोंद करून घ्या. पिंजरा कुठे लावायचा हे ठरवताना अशा नोंदीच उपयोगी पडतात.

बिबट्या दिसावा म्हणून कुत्रा खांबाला बांधून मोबाईल घेऊन माडीवर बसणारे महाभाग मी पाहिलेत. एका जनावराला दुसऱ्याचं भक्ष्य व्हावं म्हणून बांधणं हा १९६० च्या कायद्यात गुन्हा आहे, आणि बिबट्याला आमिष दाखवणं हा १९७२ च्या.

पाचवी पायरी: कुत्र्याने काही मारलंच, तर

आता ती घोरपड.

आधी बिजलीला बांधलं. घोरपड जिथे होती तिथेच ठेवली, वर पालथी पाटी आणि त्यावर दगड, कावळे येऊ नयेत म्हणून. चार फोटो काढले: जागा, जखम, कुत्रीचं तोंड, आणि रानात जिथे झटापटीच्या खुणा सापडल्या ती जागा. फोटोत वेळ येते, ती कामाची. मग आमच्या बीटच्या वनरक्षकाला फोन लावला. लागला नाही, तेव्हा १९२६ वर कळवलं आणि त्याच मजकुराचा मेसेज वनरक्षकालाही टाकला, म्हणजे आपण कळवल्याचा पुरावा राहतो.

हे सगळं करायचं कारण कलम ३९. शिकार झालेला, मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता होतो. तो ज्याच्या ताब्यात येतो त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवायचं, आणि मागितला तर सुपूर्द करायचा. 'चुकून मारलेला' हे शब्द कायद्यातच आहेत हे लक्षात घ्या. म्हणजे अशी चूक होऊ शकते हे कायदा धरून चालतो, पण ती लपवणं धरून चालत नाही. परवानगीशिवाय ही मालमत्ता ठेवणं, देणं, नष्ट करणं याला मनाई आहे. आप्पांनी सांगितल्याप्रमाणे बांधाला पुरली असती तर तेच झालं असतं. आणि कलम ५७ मुळे, अशा गोष्टी ताब्यात सापडल्या की ताबा बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं; तो कायदेशीर होता हे दाखवायचं काम तुमचं.

दुपारी वनरक्षक आणि वनपाल आले. पंचनामा केला, दोन पंच घेतले, त्यातले एक आप्पाच. मला विचारलं: कुत्री रात्री मोकळी होती का, कुणी सोबत होतं का, घरात फासे, जाळं, बंदूक आहे का, यापूर्वी असं झालंय का. मी होतं तसं सांगितलं, कुत्री पहाटे साखळीतून निसटली हेसुद्धा. जबाब वाचून मग सही केली. वनपालांनी तुटलेली कडी बघितली, लसीकरणाचं कार्ड बघितलं, घोरपड घेऊन गेले. "पुन्हा होऊ देऊ नका" एवढं ऐकून घ्यावं लागलं, आणि ते बरोबरच होतं. तासाभरात मी कडी बदलली.

प्रत्येक वेळी इतक्यावर भागेल असं मी म्हणत नाही. प्राणी कोणता, जागा कोणती, याआधी काय झालंय, यावर पीओआर (वन विभागाचा गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाडायचा की नाही हे ते ठरवतात. पण कळवणाऱ्याची आणि लपवणाऱ्याची सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते.

प्राणी जिवंत पण जखमी असेल तर घाई आणखी. कुत्र्याला लांब बांधा. जखमी प्राण्यावर अंधारा कपडा टाका, हवेशीर खोक्यात किंवा करंडीत ठेवा. दूध, पाणी, हळद काही देऊ नका. सशाचं पिल्लू दिसायला धडधाकट असलं तरी कुत्र्याच्या दातांची बारीक जखमसुद्धा पुढे चिघळते, म्हणून वन विभागाच्या उपचार केंद्राकडेच जाऊ द्या. पोरांनी हट्ट केला तरी पाळायला ठेवू नका, तोही ताबाच होतो.

आणि मांस. हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. "कुत्र्यानं मारलंच आहे, वाया कशाला घालवायचं" असं म्हणून चूल पेटली की तुमचा सगळा बचाव त्या चुलीत गेला. तोवर कुत्र्याची चूक होती. त्यानंतर मांस ताब्यात ठेवलं, पुरावा नष्ट केला, असा तुमचा स्वतःचा गुन्हा.

सहावी पायरी: मोबाईल खिशात ठेवा

सशामागे धावणाऱ्या कुत्र्याचे रील, मागे दणदणीत गाणं, खाली गावाचं नाव. अशी पोरं स्वतःच तक्रार, साक्षीदार आणि पुरावा एका जागी गोळा करून देतात. कुणाचा चेहरा, कुणाची गाडी, कुणाचा कुत्रा, सगळं त्यात. तुमचा कुत्रा दुसऱ्या कुणाला "जरा फिरवायला" देत असाल तर आधी विचारा कुठे आणि कशाला. गुन्ह्यात वापरलेली गाडी, हत्यार, सापळा जप्त होतात. कुत्रा तुमचा, फोटोत ओळखू येणारा, मग चौकशीला पहिलं बोलावणं तुम्हालाच.

चौकशीला कुणी घरी आलंच तर भांडू नका. वन अधिकाऱ्यांना आणि उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला कलम ५० खाली आत येण्याचे, झडतीचे, जप्तीचे अधिकार आहेत, आणि ते तुमच्या खासगी जमिनीवरही चालतात. ओळखपत्र विचारा, नाव-पद लिहून घ्या, जप्तीच्या यादीची नक्कल मागा, न वाचता सही करू नका.

उलट बाजू: तुमचा कुत्रा दुसऱ्याच्या शिकारीत अडकतो तेव्हा

दुसऱ्यांच्या बेकायदा शिकारीतही कुत्रे मरतात. कोकणात डुकरांसाठी लावलेल्या फासकीत कुत्राही सापडतो आणि बिबट्याही. बाकी ठिकाणी पिठात लपवलेला गावठी बॉम्ब, कुंपणात सोडलेला वीजप्रवाह. कुत्रा नाकाने शोधत जातो, तोंड घालतो आणि जबडाच उडतो. तुमच्या कुत्र्याच्या पायाला तारेची जखम दिसली तर आधी तार सापडते का ते बघा. सापडली तर काढू नका, फोटो घ्या, वन विभागाला कळवा. बॉम्ब किंवा संशयास्पद गोळा दिसला तर हात न लावता पोलिसांना, ११२ वर.

कुणी मुद्दाम विष घालून, मारून तुमचा कुत्रा मारला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या, त्याशिवाय विष सिद्ध होत नाही. त्याच संहितेचं कलम २९१ मात्र तुमच्यावरही चालतं. पाळीव जनावराकडून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बांधावरून जाणाऱ्या वनरक्षकाला चावलेला कुत्रा या कलमात सापडतो.

लस, आणि एक गोष्ट झटापटीनंतरची

रेबीजची लस दरवर्षी, आणि तिच्याबरोबर डिस्टेंपर-पार्व्होची. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यांतल्या अनेकांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांमध्येही सर्रास असतो. माळावरच्या खोकडाला, लांडग्याला तो आपल्या कुत्र्याकडून जाऊ शकतो. नसबंदीचंही तेच. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीने सिद्ध झालेला आहे, त्यामुळे वस्तीवरची कुत्री माजावर असताना मोकळी सोडू नका.

कोल्हा, मुंगूस किंवा लांडग्याशी झटापट झाली आणि कुत्र्याच्या अंगावर खरचटलेलं दिसलं, तर लस वेळेवर झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. जाण्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. धुताना हातात प्लास्टिकच्या पिशव्या तरी घाला, कारण लाळ तुमच्या हाताच्या चिरेत गेली तर तुम्हालाही सुई घ्यावी लागते. अशाच एका झटापटीनंतर बिजलीची जखम धुताना मी पिशव्या विसरलो होतो. सुप्याच्या दवाखान्यात चार खेपा झाल्या.